सात मांजरांचं दूध

गाडीच्या लायसनसाठी ज्यांच्या हाताखालून जावंच लागे, त्या परीक्षकांना सगळे शिकाऊ 'रेघसाहेब' म्हणत. थांबताना गाडीचं चाक पांढऱ्या रेघेला नुसतं हुंगून आलं, तरी साहेब शांतपणे म्हणत, "या पुन्हा." त्यांना शेजारी बसवून गाडी चालवायची म्हटलं की भल्याभल्यांना घाम फुटे. घरीही तोच खाक्या. रस्ता रिकामा असला आणि स्वतः पायी असले, तरी ते लाल दिव्यापाशी थांबत. आपण जन्मात एक नियम मोडला नाही, हे ते अशा थाटात सांगत की ऐकणाऱ्याला उगीचच ओशाळल्यासारखं व्हावं. अशा माणसाच्या घरात एका रविवारी सात मांजरं, एक घरमालक आणि एक सरकारी अधिकारी एकाच वेळी शिरले, याला कारण झाल्या त्यांच्या सासूबाई.

सासूबाई गुडघा धरला म्हणून लेकीकडे राहायला आल्या. पहिल्याच सकाळी लेकीने पिशवीतलं दूध तापवून पेला समोर ठेवला, तर त्यांनी तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"यातून पलीकडचं दिसतंय," त्या म्हणाल्या आणि पेला खाली ठेवला.

त्यांच्या लहानपणी घरचा गोठा होता. तिथल्या दुधावर म्हणे अशी साय धरायची की माशी बसली तर बुडायची नाही, चालत पलीकडे जायची. त्या सायीपुढे पिशवीतलं दूध म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. त्यांनी दूध सोडलं, मग हळूहळू जेवणही अर्ध्यावर आणलं. लेक काळजीत पडली. रेघसाहेबांना काळजीबरोबर थोडी चुरसही वाटत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी सासूबाईंनी त्यांना कधी 'जावईबापू' म्हणून हाक मारली नव्हती. काही सांगायचं झालं तर त्या लेकीकडे बघून 'यांना सांग' म्हणत, आणि 'हे' तर समोरच बसलेले असत.

जेवताना त्यांनी जाहीर केलं की उद्या सकाळी या टेबलावर थेट गोठ्यावरचं दूध येईल. बायको औषधांच्या दुकानात कामाला होती, तिला असल्या गोष्टी ठाऊक असत. तिने सांगितलं की गोठ्यावरचं कच्चं दूध परस्पर माणसांना विकायला बंदी आहे. साहेब हसले.

"कायदा घाबरणाऱ्यासाठी नसतो, वाचणाऱ्यासाठी असतो. सगळं नियमात बसवून आणतो की नाही बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चांगला मोठा कॅन घेऊन शहराबाहेरच्या गोठ्यावर पोचले. फाटकावर फलक होता: 'कच्चे दूध. फक्त जनावरांसाठी. माणसांना मिळणार नाही.' साहेबांनी तो वाचला, आणि वाचल्यावर ते परत फिरलेही होते. पण तेवढ्यात गुडघ्यापर्यंतचे बूट घातलेली गोठेवाली बाहेर आली आणि तिने विचारलं की कोणासाठी हवंय. मागे एक तांबडी गाय रवंथ करत त्यांच्याकडे बघत होती. हवेत ताज्या दुधाचा वास होता. साहेबांच्या डोळ्यांपुढे सासूबाईंचा तो उजेडात धरलेला पेला आला.

"मांजरासाठी," ते म्हणाले.

आयुष्यातलं पहिलं खोटं. बोलून झाल्यावर ते स्वतःच मागे वळून बघायला लागले, की कोण बोललं.

गोठेवालीने कॅनकडे पाहिलं. त्यात एक मांजर पोहू शकलं असतं. तिने विचारलं, एकच मांजर आहे का? साहेबांनी 'तीन' म्हणायला तोंड उघडलं आणि 'सात' बाहेर पडलं. आणि मग त्यांच्या ध्यानीमनी नसलेली गोष्ट घडली. गोठेवालीचा करारी चेहरा लोण्यासारखा वितळला. सात मांजरं सांभाळणारा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. तिने कॅन काठोकाठ भरला आणि वर बजावलं की मोठ्या मांजरांना दूध जपून द्या, पोटं बिघडतात.

घरी सासूबाईंनी ते दूध स्वतः उभं राहून उकळलं. कच्चं दूध पिणारे वेडे असतात असं त्यांचं स्पष्ट मत होतं. निवल्यावर साय धरली. त्यांनी पेला उजेडात धरला, पलीकडचं काही दिसेना. दोन घोट घेतले, डोळे मिटले, आणि उघडल्यावर लेकीकडे न बघता सरळ समोर बघून म्हणाल्या, "जावईबापू, बसा की. उभे का?"

त्या एका हाकेने साहेबांचा घात केला. आता माघार नव्हती.

रोज सकाळी साहेब गोठ्यावर जाऊ लागले आणि रोज गोठेवाली मांजरांची चौकशी करू लागली. ती एकटी राहत होती. गायींचं सगळं तिला पाठ होतं. मांजरांच्या बातम्या ही नवी मौज होती. कोण कोणावर गुरकावतं, कोण गादीवर झोपतं. साहेबांना एकेक मांजर घडवावं लागलं. एक पांढरं, एक ठिपक्यांचं, एक अति आळशी. एक काळी होती, कान फाटलेली, जी कोणाच्याही जवळ जायची नाही. ही काळी सुचली तेव्हा साहेबांना स्वतःचाच अभिमान वाटला. गोठेवालीला तर तिने पुरतं वेड लावलं. काळी जेवली का, काळी आज कुठे बसली, हे ऐकल्याशिवाय ती कॅनचं झाकण लावत नसे. कोणतं मांजर काल काय करत होतं याचा हिशेब ठेवताना साहेबांचं कामावरचं ध्यान उडालं. एकदा तर एक शिकाऊ रेघ ओलांडून थेट चौकात जाऊन थांबला आणि साहेब म्हणाले, "छान." तो बिचारा घाबरून पुन्हा परीक्षा द्यायला आला.

मग सासूबाईंना लोणी काढायची हुक्की आली. दूध जास्त हवं. कारण काय द्यायचं? साहेबांनी गाडीत बसून बराच विचार केला आणि गोठ्यावर पोचल्यावर सांगितलं की काळी गाभण आहे.

गोठेवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने दूध वाढवलं, आणि काळीला निजायला एक मोठी टोपली व पोतंभर मऊ पेंढा साहेबांच्या गाडीत स्वतः नेऊन ठेवला.

साहेबांचं घर वरच्या मजल्यावर होतं आणि खाली राहत होते घरमालक. जिन्याच्या तोंडाशी त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: 'या घरात प्राणी पाळू नयेत. पोपटही नको.' त्या पाटीखालून साहेब पेंढ्याचं पोतं घेऊन वर चढले, तेव्हा घरमालक दारातच उभे होते. पोतं कशाला, त्यांनी विचारलं. सासूबाईंच्या गुडघ्याला शेक द्यायला, साहेब म्हणाले. आणि रोज कॅनभर दूध येतं ते? तेही गुडघ्यासाठीच, हाडं बळकट होतात. घरमालकांनी मान डोलावली. पण त्या दिवसापासून साहेब जिना चढू लागले की खालचं दार बोटभर उघडायचं आणि त्यातून एक नाक बाहेर यायचं.

आणि मग शनिवारी गोठेवालीचा फोन आला. आवाज कापत होता. दूध खात्याचे निरीक्षक गोठ्यावर आले होते. बोलता बोलता तिच्या तोंडून साहेबांच्या मांजरांचा विषय निघाला, आणि निरीक्षक म्हणाले, मला ती मांजरं बघायचीच आहेत. उद्या दुपारी ती त्यांना घेऊन येणार होती.

"दादा, मला काही भीती नाही ना?" तिने विचारलं. "तुमच्याकडे तर सात आहेत."

साहेबांनी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच बायकोला सगळं सांगितलं. ती आधी हसली. मग तिला पेंढ्याचा उलगडा झाला आणि ती आणखी हसली. पण हसू ओसरल्यावर तिने खरी अडचण सांगितली. पकडले गेलात तर तुम्हाला काही होणार नाही, गुन्हा विकणाऱ्याचा. त्या बाईचा गोठा बंद करतील.

"मग काय करू?"

"मांजरं आणा," बायको म्हणाली.

रविवारी सकाळी साहेब कोपऱ्यावरच्या मासेवाल्याकडे गेले. त्याच्या मागच्या दाराशी मांजरांची कायम सभा भरलेली असे. मासेवाल्याला त्यांनी इतक्या वेळा नापास केलं होतं की माल पोचवायला तो अजून हातगाडीच वापरत होता. तो सूड घेणार, याची साहेबांना खात्री होती. पण मासेवाला अगदी गोड वागला. त्याने स्वतःच सात मांजरं पकडून माशांच्या दोन पेट्यांत भरून दिली आणि म्हणाला की परत करायची घाई नाही. किंबहुना परत केलीच नाहीत तरी चालेल. हे सौजन्य कशामुळे, ते पेट्या उघडल्यावर कळलं.

उघडल्याबरोबर एक मांजर कपाटावर गेलं, एक पडद्यावर, आणि तिसऱ्याने भांडी धुण्याच्या मोरीत जाऊन मुक्काम ठोकला. दोघांनी कोचावर जुना वाद उकरून काढला. सासूबाई खुर्चीत बसून दूध पीत होत्या. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. एक मांजर त्यांच्या मांडीवर चढलं, तेव्हा त्यांनी लेकीला विचारलं की माशांचा वास मलाच येतोय का. लेकीने त्यांच्या कानाशी लागून थोडक्यात सगळा प्रकार सांगितला. सासूबाईंनी जावयाकडे एकदा पाहिलं, आणि पुन्हा पेला तोंडाला लावला.

तेवढ्यात दार वाजलं. निरीक्षक वेळेआधीच आले असं समजून साहेबांनी दार उघडलं, तर घरमालक. खाली छताला भेगा पडतायत, वर चाललंय काय, त्यांना विचारायचं होतं. साहेब दाराच्या फटीत उभे राहून म्हणाले, काही नाही. मागून कोचावरच्या दोघांनी अशी किंकाळी फोडली की जिन्यातला दिवा हलला. साहेब म्हणाले, सासूबाईंचा गुडघा. आतून सासूबाई ठणकावून म्हणाल्या की माझा गुडघा असा ओरडत नाही. घरमालकांनी दार ढकललं आणि त्यांना सगळी सभा दिसली.

त्यांचा चेहरा पाटीवरच्या अक्षरांइतका लाल झाला. महिनाअखेरीस घर खाली करा, ते म्हणाले. साहेबांनी हात जोडले. ही मांजरं आमची नाहीतच, खिडकीतून आली, आत्ता घालवतो.

"मग ते रोजचं दूध?" घरमालकांनी विचारलं.

"शपथेवर सांगतो, ते आम्हीच पितो. मांजरांना एक थेंब नाही. थेंब न् थेंब आम्ही माणसं पितो."

हे बोलताना साहेबांचं लक्ष घरमालकांच्या खांद्यावरून पलीकडे गेलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर गोठेवाली उभी होती, आणि तिच्या शेजारी हातात टोपी धरलेले एक स्थूल, गंभीर गृहस्थ.

"कोण पितं म्हणालात?" निरीक्षकांनी विचारलं.

इकडे आड, तिकडे विहीर, आणि साहेब मधल्या पायपुसण्यावर. मांजरं आहेत म्हणावं तर घर जातं, नाहीत म्हणावं तर गोठा जातो. त्यांनी गोठेवालीकडे पाहिलं. तिने भेटीला जायचं म्हणून बूट धुऊन घातले होते. काळीसाठी एक डबाही आणला होता, आणि तो तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. तिला अजून नीट काही कळलं नव्हतं, नुसता चेहरा उतरला होता.

"मांजरं पितात," साहेब म्हणाले. "सातही माझी आहेत. पाळलेली आहेत."

"आत्ताच तर शपथेवर म्हणालात," घरमालक म्हणाले.

"ते खोटं होतं. हे... हे खरं आहे." साहेबांना वाटलं, आपल्या जिभेलाच लायसन नाही.

निरीक्षक आत आले. त्यांनी टोपी टेबलावर ठेवली, गुडघ्यांवर बसून कोचाखाली पाहिलं, मोरीत डोकावले, कपाटावर नजर टाकली. मग उठून, घसा साफ करून त्यांनी विचारलं की यांतली गाभण कोणती. साहेबांनी काळी शोधली. काळी नव्हतीच. मग त्यांनी सर्वांत ढेरपोट्या मांजराकडे बोट केलं, जे बशीतलं दूध हुंगून तोंड फिरवून बसलं होतं. निरीक्षकांनी त्याला अलगद उचललं, शेपूट वर केली.

"हा बोका आहे," ते म्हणाले.

त्यांनी दुसरं उचललं. तोही बोका. मग कपाटावरचा, मग पडद्यावरचा. मासेवाल्याने निवडून निवडून सगळे दांडगे बोके दिले होते. सात बोके, आणि त्यातला एक गाभण.

मग सासूबाईंनी पेला बाजूला केला. वरच्या ओठावर सायीची चांगली जाड मिशी उमटली होती.

"दूध मी पिते," त्या म्हणाल्या. "या बाईला ठाऊक नव्हतं, आणि माझे जावई जे बोलले ते माझ्यापायी बोलले. धरायचं तर मला धरा. पण हा पेला संपवून येते."

निरीक्षक गोंधळले. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, गोठेवालीकडे पाहिलं, आणि हातातला बोका खाली ठेवला.

"धरायचं कोणाला?" ते म्हणाले. "मी पिल्लू बघायला आलोय. माझी मुलगी किती दिवस मागे लागलीय. या बाई म्हणाल्या एक मांजरी व्यायला झालीय, म्हटलं एक आधीच सांगून ठेवावं."

आणि दुधाचं? साहेबांनी कसंबसं विचारलं. तर निरीक्षक म्हणाले की तो नियम तर बदलला. माणसाने स्वतः गोठ्यावर जाऊन घेतलं तर आता कच्चं दूध त्यालाही देता येतं, फक्त 'उकळून प्या' असा फलक लावायचा. खरं म्हणजे तेच सांगायला ते गोठ्यावर गेले होते. पण बाईंनी मांजरांच्या गोष्टी अशा रंगवून सांगितल्या की मूळ काम राहूनच गेलं.

साहेबांना खाली बसावंसं वाटलं, पण खुर्चीत बोका होता.

गोठेवाली मात्र कायद्याचं काही ऐकत नव्हती. ती खोलीभर बघत होती.

"म्हणजे दादा, काळी नाहीच?"

"नाही, ताई."

"कान फाटलेली?"

साहेबांनी मान खाली घातली. आजवर शेकडो लोकांना नापास करताना त्यांना कधी इतकं वाईट वाटलं नव्हतं. तुम्हाला अडचणीत टाकलं, माझं चुकलं, ते म्हणाले. गोठेवाली म्हणाली की अडचणीचं जाऊ दे. माणसांसाठी हवंय असं सांगितलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं, हे खरं. पण त्या काळीच्या काळजीने मला झोप येत नव्हती, त्याचं काय? सासूबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं, तिच्या गायी काय खातात ते विचारलं, आणि बघता बघता दोघी पाठच्या बहिणी असल्यासारख्या सायीवर बोलू लागल्या. बायकोने सगळ्यांना गरम दूध दिलं. निरीक्षक मागून घेऊन दुसरा पेला प्यायले. घरमालक निषेध म्हणून उभ्यानेच प्यायले. पिऊन झाल्यावर त्यांनी पेल्याच्या तळाशी बराच वेळ पाहिलं, मग भानावर येऊन म्हणाले की मांजरं तेवढी जायला हवीत.

सहा बोके संध्याकाळपर्यंत मासळीच्या वासाने आपापले परत गेले. ढेरपोट्या मात्र पेंढ्याच्या टोपलीत शिरला आणि उठेचना. घरमालकांनी पुष्कळ कुरकुर करून त्याला महिनाअखेरीची मुदत दिली.

नवा फलक लागला तशी बातमी शहरभर झाली. रेघसाहेब आता ताठ मानेने, नियमात बसून दूध आणायला निघाले. जाऊन बघतात तर फाटकापासून रस्त्यापर्यंत रांग. ते रांगेत शिस्तीने उभे राहिले, आणि त्यांचा नंबर आला तेव्हा गोठेवालीने हात झाडले. माणसांचं दूध संपलं होतं. मग तिने आवाज उतरवून सांगितलं की जनावरांचा वाटा ती अजून वेगळा काढून ठेवते. आहे का घरी जनावर?

"एक बोका आहे," साहेब म्हणाले. हे वाक्य खरं होतं, याचं त्यांना इतकं समाधान वाटलं की ते त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं.

गोठेवालीने कॅन भरला, बोक्याची चौकशी केली आणि पुढच्या माणसाकडे वळली. साहेबांनीही वळून पाहिलं. मागे घरमालक उभे होते. हातात कोरा करकरीत कॅन, दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. आपल्याला कोणी ओळखू नये म्हणून त्यांनी मफलर डोळ्यांपर्यंत ओढला होता.

माणसांचं संपलंय, गोठेवालीने त्यांनाही सांगितलं, आणि जनावर आहे का म्हणून विचारलं. घरमालकांनी मफलर थोडा खाली केला.

"मांजर आहे. आमच्या वरच्या मजल्यावर असतं."

एकदा हात पोळलेली गोठेवाली आता सहजी विश्वास ठेवणार नव्हती. तिने साहेबांकडे बघून विचारलं की हे खरं आहे का. घरमालकांनीही साहेबांकडे पाहिलं. परीक्षेच्या गाडीत शिकाऊ जसे बघत, अगदी तसे.

"आहे की," साहेब म्हणाले. "महिनाअखेरीपर्यंत तरी आहे."

"महिनाअखेर कोण म्हणालं?" घरमालक घाईघाईने म्हणाले, आणि त्यांनी कॅन पुढे केला.